कागद नसलेल्या कुत्रीची वंशावळ

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी अजूनही जरा घुटमळतो. "कुत्री" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "व्हेटर्नरीला आहेस का?" नाही, मी इतिहासात आहे. दख्खनमध्ये शिकारी कुत्री कोणी पाळली, पैदास कोणी केली, ती मिरवली कोणी, आणि कुत्र्याची एखादी 'जात' ठरते ती नेमकी कोण ठरवतं, हा माझा विषय.

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या मित्रांचे बरेच मेसेज येतात. सगळ्यांची अडचण एकच असते: "विषय आवडतो, पण साधनं कुठायत?" माझा एक अख्खा चॅप्टर याच प्रश्नावर अडकला होता. तो कसा अडकला आणि कसा सुटला, ते आज सांगतो.

"कागज कायकू होना?"

आमच्या खुलताबादला एक चाचा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर त्यांनी करवानी कुत्री पाळली. करवानी म्हणजे मराठवाड्यातलं ते लांब तोंडाचं, बारीक कंबरेचं, उंच पायाचं कुत्रं. वासापेक्षा नजरेवर शिकार धरतं आणि मोकळ्या माळावर सशाच्या मागे सुटलं की डोळ्याला नीट दिसतही नाही. कानाला, शेपटीला लांब केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात.

पहिल्या भेटीत मी हुशारीने विचारलं, "चाचा, कुत्र्यांचे काही कागद आहेत का? सर्टिफिकेट वगैरे?" ते हसले. "कागज कायकू होना बेटा? मेरेकू मालूम है ना." आणि मग दारात झोपलेल्या राणीकडे बोट करून त्यांनी सुरुवात केली. राणीची आई कोण, तिची आई कोण, कुठल्या गावाहून कोणत्या साली आणली, रंग कोणता, किती पिल्लं जगली. पाच पिढ्या, न अडखळता.

मी सगळं टिपून घेतलं आणि चॅप्टरमध्ये एका चौकटीत 'किस्सा' म्हणून टाकलं. मुख्य मजकुरात मात्र ऐटीत लिहिलं, "ही जात शेकडो वर्षांपूर्वी व्यापारी तांड्यांबरोबर इराण-अफगाणिस्तानातून दख्खनमध्ये आली." गाईडनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात दोन शब्द लिहिले: "कशावरून?" मी इंटरनेटवरच्या पाच-सहा पानांकडे बोट दाखवलं. ती सगळी पानं एकमेकांवरून उतरवलेली होती. कारवाँवरून करवानी हे नाव पडलं असेल, हे पटण्यासारखं आहे. पण नावाची व्युत्पत्ती हा प्राण्याच्या प्रवासाचा पुरावा होत नाही.

म्हणजे ज्याला मी इतिहास म्हणत होतो ती ऐकीव गोष्ट होती, आणि ज्याला किस्सा म्हणून चौकटीत कोंबलं होतं ते निदान एका माणसाने स्वतः पाहिलेलं होतं.

टेरियरला कागद कधी मिळाला?

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. ज्या कुत्र्यांना कागद आहेत, त्यांना ते कधीपासून आहेत? इथे टेरियरचं उदाहरण फार उपयोगी पडतं. टेरियर शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'टेरा', म्हणजे जमीन. बिळात शिरून कोल्हा, घूस बाहेर काढणारं ते कुत्रं. हे झालं त्याच्या कामाचं नाव. इंग्लंडमध्ये शेतकरी, खाणकामगार, शिकारी अशा सगळ्यांकडे ती होती, आणि जे बिळात शिरेल ते टेरियर.

१८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. आधुनिक डॉग शोची सुरुवात तिथून धरतात. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचं पहिलं स्टडबुक निघालं. स्टडबुक म्हणजे कोणाचा बाप कोण, आई कोण, बक्षीस कुठे मिळालं याची छापील नोंद. १८८६ मध्ये चार्ल्स क्रफ्ट या माणसाने लंडनला खास टेरियरचं प्रदर्शन भरवलं. आज जगभर गाजणाऱ्या 'क्रफ्ट्स'चं मूळ त्यात आहे. प्रदर्शन आलं की परीक्षक आला, परीक्षक आला की मोजमाप आलं, आणि मोजमापात न बसणारं चांगलं कुत्रंही रिंगणाबाहेर गेलं. वर्बॉइज, स्ट्रेंज आणि पेंबर्टन यांचं 'द इन्व्हेन्शन ऑफ द मॉडर्न डॉग' (२०१८) हे पुस्तक नेमकं हेच दाखवतं. आपण 'ब्रीड' म्हणतो ती कल्पना बरीचशी व्हिक्टोरियन काळात घडलेली आहे.

यातला सगळ्यात मजेदार माणूस म्हणजे पाद्री जॉन रसेल. ज्याच्या नावाने जॅक रसेल टेरियर ओळखलं जातं, तोच. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली, आणि तिच्यापासून आपली पैदास सुरू केली. हा माणूस केनेल क्लबच्या संस्थापक सदस्यांपैकी. फॉक्स टेरियरचा परीक्षकही झाला. पण आपली कामाची कुत्री त्याने प्रदर्शनात उतरवली नाहीत. त्याच्या पैदाशीला ब्रिटिश केनेल क्लबने मान्यता दिली ती १९९० मध्ये, तो वारल्यावर शंभरहून जास्त वर्षांनी. तोपर्यंत ती 'जात' नव्हती का? पाळणाऱ्यांच्या लेखी होती. नोंदवहीत नव्हती, इतकंच.

हे वाचताना मला सारखे चाचा आठवत होते.

'बापरे'ची टोळी

टेरियर आपल्याकडेही आलं, साहेबांबरोबर. छावणीतले अधिकारी टेरियर, हाउंड, गावठी असं मिळेल ते कुत्रं जमवून कोल्ह्यामागे सोडत. या सरमिसळ टोळीला ते 'बॉबरी पॅक' म्हणत. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशाने 'बॉबरी' शब्दाचं मूळ दिलंय आपलं 'बाप रे'! योगायोग बघा, त्याच वर्षी क्रफ्ट लंडनला टेरियरांची वर्गवारी लावत होता आणि इकडे त्यांचीच भावंडं 'बापरे' नावाच्या टोळीत नांदत होती. म्हणजे साहेबही शुद्धतेचा हट्ट गरजेप्रमाणेच धरत होता.

मुधोळ: राजाची वंशावळ, कुत्र्याची वंशावळ

आता घरच्या उदाहरणाकडे येऊ. करवानीचा सख्खा भाऊ म्हणजे मुधोळ हाउंड. मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान घोरपड्यांचं, मराठा घराण्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेडर शिकाऱ्यांकडची कुत्री पाहिली, त्यांची पैदास केली, आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला जोडी भेट दिली, म्हणून 'मुधोळचे हाउंड' हे नाव रूढ झालं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत दोन राजे ठळक आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कुत्री राखली त्या बेडरांपैकी एकाचंही नाव नाही.

याच मुधोळची दुसरी वंशावळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवी. १९३४ मध्ये दत्तात्रय विष्णु आपटे यांनी मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात बहमनी काळापासूनची फारसी फर्मानं होती. त्यांच्या आधारे घोरपडे आणि भोसले ही घराणी एकाच सिसोदिया मूळपुरुषाकडे नेली जातात. ती फर्मानं अस्सल की मागाहून तयार केलेली, यावर इतिहासकारांत वाद झाला. आणि ज्या भोसल्यांचा हा प्रश्न, त्यांची पाटीलकी कुठली? वेरूळची. आमच्या खुलताबादचा घाट उतरलं की वेरूळ!

सांगायचा मुद्दा असा: कागद आहे म्हणजे वंशावळ खरी आणि कागद नाही म्हणजे खोटी, इतकं सोपं गणित इतिहासात चालत नाही. कागदालाही विचारावं लागतं, तू कधी लिहिला गेलास, कोणासाठी, कोणाच्या खर्चाने? तोंडी वंशावळीलाही हेच प्रश्न.

खुलताबादला तर हे वेगळं शिकवायची गरज नाही. इथल्या दर्ग्यांमध्ये गुरुशिष्यांचा शजरा असतो, म्हणजे कोणाला दीक्षा कोणाकडून मिळाली याची साखळी. कार्ल अर्न्स्ट यांनी 'इटर्नल गार्डन' (१९९२) या खुलताबादवरच्या पुस्तकात सूफींची वचनं सांगणारी मल्फुजात तपासताना एक फरक केलाय: समोर बसून ऐकून टिपलेली वचनं वेगळी, मागाहून रचलेली वेगळी. मी हीच चाळणी कुत्र्यांना लावली.

पडताळणी

सहा महिन्यांनी मी चाचांकडे परत गेलो आणि राणीची वंशावळ पुन्हा विचारली. पहिल्या वेळी आजी कन्नडकडची होती, आता वैजापूरकडची निघाली! माझ्या पोटात गोळा आला. चॅप्टर गेला, असंच वाटलं. मग दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐकली. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "ही कुठून आली?" त्यांनी आईकडून सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं होतं, "ही कोणाची?" त्यांनी नराकडून सांगितलं. म्हणजे बदलला होता तो माझा प्रश्न.

पुढे मी माळेगावच्या यात्रेला गेलो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्षात भरते आणि घोड्यांच्या बाजाराबरोबर तिथे श्वान प्रदर्शनही असतं. तिथल्या दोन पाळणाऱ्यांना मी दोन्ही प्रश्न विचारले. दोघांनीही आधी आईकडून सांगितलं. एकाने कारणही दिलं: नर एक दिवस येतो नि जातो, कुत्री आयुष्यभर दारात असते, तिचीच आठवण पक्की. एकूण तीन माणसांवरून नियम बनत नाही, हे मलाही कळतं. पण 'किस्सा' आता साधन झाला होता, कारण त्याला प्रश्न विचारता येत होते आणि दुसऱ्याशी ताडून पाहता येत होतं.

तेव्हा मित्रांनो, तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत उत्तराइतकाच तुमचा प्रश्नही शब्दशः नोंदवा. एकाच माणसाला काही काळाने पुन्हा विचारा. आणि उत्तर बदललं तर लगेच त्याला खोटं ठरवू नका, आधी स्वतःचा प्रश्न तपासा.

घाई कशाची?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण करवानीचं काम त्याबरोबर गेलं. उरलं ते राखण, प्रदर्शन आणि विक्री. २००५ साली मुधोळ हाउंडवर टपाल तिकीट निघालं, पुढे राष्ट्रीय पातळीवर पशुधनाच्या जातींमध्ये त्याची नोंद झाली. केनेल क्लब ऑफ इंडिया याच वळणाच्या कुत्र्याला कॅरव्हान हाउंड म्हणतो. कागद येऊ लागलेत, चांगलंच आहे. पण कागदावर उद्यापासूनचं लिहिलं जाईल. कालपर्यंतचं आहे ते चाचांसारख्यांच्या डोक्यात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा चाचांना नीट दिसत नव्हतं. राणी म्हातारी झालीय, आता व्यायची नाही. मुलांना कुत्र्यांत रस नाही. त्यांनी विचारलं, "बेटा, तुम्हारी किताब में मेरा नाम आएगा क्या?" मी म्हटलं, नियमाप्रमाणे तुमचं नाव झाकावं लागेल. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राणी का तो डाल."

घातलंय. चौकटीत नाही, मुख्य मजकुरात. पाचही पिढ्यांसकट.