डोक्यावरचं नाव आणि पाठीवरचा नंबर: माळ्यावरच्या जपानी बेस गिटारची गोष्ट

आजचा भाग हेडफोन लावून ऐका. सत्तरच्या दशकातलं कुठलंही हिंदी गाणं लावा आणि जरा वेळ गायकाकडे दुर्लक्ष करा. तबला, ढोलक, व्हायोलिन सगळं बाजूला सारा. अगदी तळाशी एक जाड, गोल आवाज चालत असतो. तो बेस गिटारचा. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. एवढा खालचा सूर मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून नीट येतच नाही. म्हणून बहुतेकांनी हे वाद्य आयुष्यभर ऐकलेलं असतं, पण ते लक्षात आलेलं नसतं.

आता समजा, तुम्ही बार्शीत राहता. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एक लांबुडकी पेटी सापडली. आत चार जाड तारांची, भलतीच जड गिटार. घरातले म्हणतात, "काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांची आहे." मागे कुठेतरी पुसट अक्षरात 'मेड इन जपान'. भंगारवाला शे-दोनशे देतो म्हणतो. ऑनलाइन पाहिलं तर तशाच दिसणाऱ्या गिटारला कुणी लाखभर मागतोय. खरं काय?

ही वेळ आपल्या तालुक्याच्या गावांत कुणावरही येऊ शकते. गणपतीत, जत्रेत ऑर्केस्ट्रा ठेवायची आपली जुनी सवय. आणि १९९१च्या आधी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवान्याची कटकट, वर जबर आयात कर. त्यामुळे एकदा हाती आलेलं वाद्य लोक जपून, दुरुस्त करून, एकमेकांना विकून वाजवत राहिले. म्हणूनच आज आपण अशी बेस ओळखायची कशी आणि तिची किंमत ठरवायची कशी, ते बघू. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास लागेल.

अडीच फुटांचं माप

सुरुवात टेपनं करू. बार्शीकरांसाठी तर ही अगदी घरची गोष्ट आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट. म्हणजे ३० इंच, म्हणजेच ७६२ मिलिमीटर. पुढे ही लाईन एका बाजूला लातूरला आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेला पोचली. आता तिथं ब्रॉडगेज आहे, पण ७६२ हा आकडा लक्षात ठेवा.

कारण 'शॉर्ट स्केल' बेस गिटारच्या तारेची वाजणारी लांबीसुद्धा ३० इंच, तेच ७६२ मिलिमीटर! निव्वळ योगायोग आहे, पण पाठ करायला सोपा. 'लाँग स्केल' बेसची लांबी ३४ इंच, म्हणजे साधारण ८६४ मिलिमीटर. अमेरिकेत लिओ फेंडरनं १९५१मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली, ती याच मापाची.

मोजायचं कसं? मानेच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात, तिथून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावा आणि येणारा आकडा दुप्पट करा. ३८१ मिलिमीटर आलं तर शॉर्ट, ४३२च्या आसपास आलं तर लाँग.

याचा उपयोग काय? साठच्या दशकात जपाननं परदेशी पाठवलेल्या स्वस्त बेस बऱ्याचदा शॉर्ट स्केल असत. सत्तरच्या दशकात फेंडरच्या हुबेहूब नकला निघायला लागल्या, त्या लाँग स्केल. म्हणजे एका मापानं वाद्याचा काळ आणि जात यांचा पहिला अंदाज येतो. अंदाजच हं, पुरावा नाही.

नाव एकाचं, हात दुसऱ्याचे

आता आपण सगळे जी पहिली चूक करतो ती. गिटारच्या डोक्यावरचं नाव वाचायचं आणि गूगल करायचं.

जपानी वाद्यांत डोक्यावरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. टोकियोची टेइस्को कंपनी १९४६मध्ये सुरू झाली आणि १९६७मध्ये कावाईनं ती घेतली. तिची वाद्यं अमेरिकेत वेगवेगळ्या नावांनी विकली जायची. सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये तीच 'सिल्व्हरटोन' म्हणून यायची. मात्सुमोतो शहरात मात्सुमोकू नावाचा लाकूडकामाचा कारखाना होता. तो आधी शिवणयंत्रांची कपाटं बनवायचा. पुढे तिथं गिटारी बनायला लागल्या आणि आरिया प्रो टू आणि इतर अनेक नावांनी जगभर गेल्या. त्याच शहरात १९६०मध्ये फुजीगेन सुरू झाली. ग्रेको आणि आयबानेझ या नावांखालची कितीतरी वाद्यं तिथली. आयबानेझ हे नावच मुळात स्पेनमधल्या एका गिटार कारागिराचं! नागोयाच्या होशिनो कंपनीनं ते घेतलं.

वाद्याचं नाव फसवं असतं हे आपल्याला नवीन नाही. आपल्या वरातीत, गणपतीत वाजणारा 'बेंजो' आठवा. कळा दाबून वाजवायचं ते तारवाद्य. अमेरिकेतल्या चामडं ताणलेल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही. त्याचं मूळ आहे जपानी ताइशोगोतो. मोरिता गोरो यांनी १९१२मध्ये नागोयात टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन ते तयार केलं. म्हणजे जपानी वाद्य आपल्या गल्लीत बेस गिटारच्या कितीतरी आधी आलं आणि तेही दुसऱ्याच नावानं.

मग वाचायचं काय?

वाद्य पालथं करा. मान जिथं धडाला जोडली आहे तिथं बहुधा चार स्क्रूंची धातूची पट्टी दिसेल. साठच्या दशकातल्या अनेक जपानी वाद्यांत त्या पट्टीवर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' असं इंग्रजीत कोरलेलं असतं. कधी 'जपान', कधी नंबर, कधी काहीच नाही. देशाचं नाव बऱ्याचदा नुसतं स्टिकर असायचं आणि ते केव्हाच गळून गेलेलं असतं. त्यामुळे 'जपान' लिहिलेलं नाही, म्हणून वाद्य जपानी नाही असं म्हणू नका.

नंबर असेल तर त्याचा फोटो काढा. १९७५च्या शेवटापासून पुढच्या दहाएक वर्षांतल्या जपानी आयबानेझवर नंबर असा असतो: आधी एक इंग्रजी अक्षर, मग आकडे. अक्षर म्हणजे महिना. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. 'एफ ७८' अशी सुरुवात दिसली तर जून १९७८. १९८२मध्ये फेंडरनं जपानमध्ये भागीदारीत कंपनी काढली. तिच्या सुरुवातीच्या, १९८२ ते ८४च्या वाद्यांचा नंबर 'जेव्ही' अक्षरांनी सुरू होतो. ही वाद्यं फुजीगेननं बनवली आणि संग्राहक आज ती मुद्दाम शोधतात.

पण एका कंपनीची पद्धत दुसरीला लावू नका. अनेक वाद्यांवर नंबरच नसतो. तेव्हा खुंट्या, पिकअप आणि ब्रिज यांचा आकार जुन्या कॅटलॉगशी ताडून बघावा लागतो. कंपन्यांचे जुने कॅटलॉग स्कॅन करून लोकांनी नेटवर ठेवलेत, आणि तो पुरावा कुठल्याही जाहिरातीपेक्षा भक्कम.

'लॉसूट'ची थाप

जाहिरातीत एक शब्द हमखास भेटेल: 'लॉसूट गिटार'. म्हणजे ही नक्कल इतकी अस्सल होती की मूळ कंपनीनं कोर्टात खेचलं! ऐकायला भारी वाटतं आणि त्यावर किंमत चढवली जाते.

खरी गोष्ट एवढीच. जून १९७७मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिननं आयबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा लावला. वाद होता गिब्सनसारख्या दिसणाऱ्या डोक्याच्या आकाराचा. आयबानेझनं तोवर तो आकार बदललाही होता. १९७८मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. संपलं. त्यामुळे फेंडरच्या डोक्याची जपानी बेस कुणी 'लॉसूट' म्हणून जास्त पैशाला विकत असेल, तर तिचा त्या दाव्याशी काडीचा संबंध नाही.

याचीच उलटी फसवणूकही होते. ग्रेको किंवा दुसऱ्या एखाद्या जपानी कंपनीचं नाव खरवडून वर फेंडरचं नाव चिकटवायचं. अशी बेस फेंडर म्हणून खोटी. पण गंमत बघा, ग्रेको म्हणून ती चांगली आणि मौल्यवान असू शकते. तिचं स्वतःचं नाव पुसलं तिथंच तिची किंमत घसरली.

किंमत कशावर?

पहिली गोष्ट म्हणजे मान. लाँग स्केल बेसच्या चार तारा मिळून मानेला साधारण ७०-८० किलोच्या जोरानं ओढत असतात. चाळीस वर्षं माळ्यावर तशीच राहिलेली मान वाकलेली असू शकते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे तार आणि फ्रेट यांत कागद जाईल इतकी फट ठीक. पेन्सिल जाईल इतकी असेल तर दुरुस्तीचा खर्च आहे. आणि मानेतली सळई स्वतः पिळायला जाऊ नका, तुटली तर मान गेलीच.

दुसरी, अस्सलपणा. पिकअप, खुंट्या, रंग मूळचे आहेत का? खरचटलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त पैसे आणतो. म्हणून विकायच्या आधी रंग देऊ नका आणि बदललेला जुना भाग पेटीत सापडला तर फेकू नका.

तिसरी, कारखाना आणि काळ. 'जपानी' म्हणजे भारीच, असं नाही. साठच्या दशकातल्या कित्येक बेस प्लायवूडच्या आणि साध्या होत्या. सत्तरच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला काम फार सुधारलं. मग १९८५च्या प्लाझा करारानंतर येन महागला. एका डॉलरला सुमारे २४० येन मिळायचे, ते १९८७च्या अखेरीला सुमारे १२०वर आले. जपानी माल परदेशात महाग झाला, स्वस्त गिटारींचं काम कोरियाकडे सरकलं आणि मात्सुमोकू १९८७मध्ये बंद पडली. आता तो कारखानाच नाही, म्हणून तिथल्या चांगल्या वाद्यांना मान आहे.

चौथी, हिशोब. कुणी किती मागतोय ते बघू नका, तशीच बेस खरंच कितीला विकली गेली ते बघा. त्यातून दुरुस्ती, नव्या तारा आणि पाठवायचा खर्च वजा करा. उरेल तो आजचा भाव.

भाव आणि मोल

भाव मात्र बदलतो. याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत बेस आणि गिटार वाजवणारे वादक. १९८२मध्ये त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची एक डिस्को रेकॉर्ड केली. त्यातलं एक यंत्र होतं टीबी-३०३. टीबी म्हणजे 'ट्रान्झिस्टर बेस'. बेस वाजवणारा सोबत नसेल तेव्हा त्याच्या जागी वाजवायचं यंत्र! ते बाजारात चाललं नाही, १९८४मध्ये बंद झालं. चरणजितजींची रेकॉर्डही विकली गेली नाही. पुढे अमेरिकेतल्या तरुणांनी तेच पडून राहिलेलं यंत्र स्वस्तात घेऊन ॲसिड हाऊस नावाचं संगीत काढलं आणि यंत्राचा भाव कुठल्या कुठं गेला. रेकॉर्ड २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगाच्या लक्षात आलं की मुंबईच्या या माणसानं हा आवाज आधीच काढून ठेवला होता. २०१५मध्ये ते गेले, पण त्याआधी त्यांना जगभरातून बोलावणी आली.

बाकीच्यांचं काय? पंचमदांच्या ताफ्यात वर्षानुवर्षं बेस वाजवणारे टोनी वाझ, हे नाव किती जणांना माहीत असतं? रेकॉर्डच्या कव्हरवर गायक, संगीतकार, गीतकार असत. वादकांची नावं क्वचितच. कारखान्यातल्या कारागिराचं नाव गिटारवर नाही आणि ती वाजवणाऱ्याचं रेकॉर्डवर नाही. तालुक्याच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याचं तर कुठंच नाही, तो स्टेजवरही मागच्या रांगेत.

म्हणून माळ्यावरची ती पेटी उघडलीत तर टेप आणि मोबाइलचा कॅमेरा घ्या, पण त्याआधी काकांना, नाहीतर काकूंना विचारा. ही कुठून आली? कुणाकडून घेतली, किती दिले? कुठल्या गावात वाजली, शेवटची कधी वाजली? आवाज रेकॉर्ड करा. एका कागदावर वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि वर्षं लिहा आणि तो कागद पेटीतच ठेवा. बाजार त्या कागदाचे पैसे देईलच असं नाही. पण नंबरावरून जपानमधला महिना कळतो. पुढची चाळीस वर्षं ती कुणाच्या खांद्यावर होती, हे फक्त तुमच्या घरात कळतं.

विकायची की ठेवायची, ते नंतर ठरवा. आधी बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. भेटू पुढच्या भागात.