पैसे संपल्यावर काय उरते?

मंडळी, वेम्बलीहून थेम्स ओलांडून पेकहॅमला गेलात तर मोठमोठ्या काचांची एक जुनी इमारत दिसेल. आज तिथे फ्लॅट्स आहेत. १९३५ साली ते आरोग्यकेंद्र म्हणून उघडले. डॉ. स्कॉट विल्यमसन आणि डॉ. इनेस पिअर्स यांना आजारापेक्षा निरोगीपणाचा अभ्यास करायचा होता. आठवड्याला एक शिलिंग भरून अख्खे कुटुंब सभासद होई. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, वार्षिक तपासणी, सगळे एका छताखाली! युद्धात केंद्र बंद पडले, १९४६मध्ये पुन्हा उघडले आणि १९५०मध्ये पैशांअभावी कायमचे मिटले. नव्या एनएचएसच्या चौकटीत ते बसेना.

आमच्या आयटीत प्रोजेक्ट ‘गो-लाइव्ह’ झाला की कन्सल्टंट घरी जातात. खरी परीक्षा त्यानंतर. आपण इथून गावाकडे देणगी पाठवतो तेव्हाही प्रश्न हाच, की पैसे थांबल्यावर काम कोण करणार?

याचे उत्तर मला जामखेडला सापडते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये तिथे गेले. (जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर.) आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवून पाहिल्या, जमले नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचे आणि गावात जाऊन तेच इतरांना शिकवायचे: जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी, बाळंतपणातली स्वच्छता, कुष्ठरोगाचा चट्टा. जोडीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून मोठे वाटते ते हे, की पेकहॅमचे शहाणपण इमारतीत होते, जामखेडचे घराघरांत गेले. एकदा आईला कळलेले साखर-मीठ कोण परत घेणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१०मध्ये एक अभ्यास आला. प्रकल्पाला दोन दशके उलटल्यावर जन्मलेली मुले त्यात होती. प्रकल्पाच्या गावांत एक महिना ते पाच वर्षे वयातले मृत्यू आसपासच्या इतर गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पहिल्या महिन्यात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. तान्ह्या बाळांच्या त्याच पहिल्या महिन्यावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काम केले, पण ते पुढच्या अंकात!