आधी विचारा, मग घ्या: यूएसबीच्या विजेची गोष्ट

आजचा प्रश्न साधा आहे. चार पोर्टच्या स्वस्त यूएसबी हबवर माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह निमूट चालतात. मग हार्ड डिस्क लावली की ती टिकटिक करत बंद का पडते?

उत्तर १९९६ मध्ये आहे. त्या जानेवारीत यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम अशा सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलच्या टीममध्ये आपल्या बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. उद्देश एकच, प्रत्येक वस्तूसाठी वेगळं पोर्ट नको. केबलमध्ये तारा चार: दोन डेटाच्या, एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची. वीज दिली ती माउस-कीबोर्डला वेगळा अडॅप्टर लागू नये म्हणून. म्हणजे मुख्य काम डेटाचं, वीज आपली सोबतीला.

म्हणूनच नियम कडक होता. जोडल्याजोडल्या फक्त १०० मिलीअँपिअर घ्यायचे. जास्त हवेत? आधी ओळख सांगा, किती लागतील ते सांगा. कॉम्प्युटर 'हो' म्हणाला तर ५००, म्हणजे जेमतेम अडीच वॅट.

आता हबचा हिशोब बघा. अडॅप्टर नसलेल्या हबला वरून मिळतात ५००. त्यातले १०० तो स्वतःला ठेवतो. उरले ४००, म्हणून पोर्ट चार, प्रत्येकी १००! माउसला तेवढे पुरतात. हार्ड डिस्कची मोटर फिरायला लागताना मात्र कित्येकदा ५०० सुद्धा कमी पडतात. स्वस्त हब कुणाला अडवत नाहीत, पण मग व्होल्टेज खाली येतं आणि फाइल कॉपी होता होता डिस्क गायब होते. फाइल गेली तर गेली!

दरम्यान लोकांनी वेगळंच सुरू केलं. यूएसबीचे दिवे आले, छोटे पंखे आले. हे काही विचारत-बिचारत नाहीत, सरळ वीज घेतात. मग आले फोन. पण भिंतीवरच्या चार्जरमध्ये कॉम्प्युटरच नाही, तर विचारायचं कुणाला? २००७ च्या बॅटरी चार्जिंग स्पेसिफिकेशनने मस्त तोड काढली: चार्जरने डेटाच्या दोन तारा आतल्या आत जोडून ठेवायच्या. फोनला तेवढी खूण पुरते. पुढे २०१२ मध्ये पॉवर डिलिव्हरी आली, १०० वॅटपर्यंत. २०१४ मध्ये टाइप-सी आणि २०२१ मध्ये थेट २४० वॅट. डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये नव्या फोनला टाइप-सी सक्तीचंच झालं.

मला यातली गंमत वाटते ती ही: वीज जवळपास शंभरपट झाली, पण 'आधी विचारा' हा नियम सुटला नाही, उलट घट्ट झाला. टाइप-सीमध्ये पलीकडे कुणी आहे हे कळल्याशिवाय पोर्ट पाच व्होल्टही सोडत नाही. एवढी वीज न विचारता सोडली तर समोरचं डिव्हाइस जळेल.

तेव्हा मंडळी, हार्ड डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हबच घ्या. चार पैसे जास्त जातील, पण फोटो वाचतील. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!