सूक्ष्म स्फटिकांची दीप्ति : कृति आणि मापन

वर्धा शहरालगतचे नालवाडी हे गाव विनोबा भावे यांच्या 1932 पासूनच्या वास्तव्यामुळे व तेथील चर्मालयामुळे महाराष्ट्रास परिचित झाले. हाताशी असलेल्या साधनांनी किती साध्य होते, हा प्रश्न तेथे कातडे कमाविण्याच्या संदर्भात विचारला गेला. अशा गावातून रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. अर्धसंवाहकांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांपासून निघणाऱ्या प्रकाशाच्या संशोधनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्फटिक काही नॅनोमीटरइतका लहान झाला म्हणजे त्याचा रंग द्रव्याप्रमाणेच आकारमानावरही अवलंबून राहतो. हे अलेक्सी एकिमोव यांनी 1981 साली रंगीत काचेत आणि लुई ब्रस यांनी 1983 साली द्रावणात दाखविले. 1993 साली मौंगी बावेंडी व त्यांचे विद्यार्थी यांनी एकसारख्या आकाराचे स्फटिक बनविण्याची रीत सिद्ध केली. या तिघा शास्त्रज्ञांस 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि त्या रीतीस सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेले द्रावक आणि हवा लागताच पेट घेऊ शकणारे कॅडमियमचे संयुग लागत असे.

पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील सुलभा कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी मात्र मँगॅनीजयुक्त झिंक सल्फाइडचे सूक्ष्म कण जलीय पद्धतीने तयार करून 1995 साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. अशा पद्धतींत जस्त व मँगॅनीज यांच्या क्षारांच्या द्रावणात सल्फाइड मिळवितात आणि कणांची वाढ थोपविण्यासाठी त्यांवर दुसऱ्या द्रव्याचे वेष्टण चढवितात. जंबुपार किरण पडताच स्फटिक ऊर्जा शोषून ती मँगॅनीजच्या आयनास देतो व नारिंगी प्रकाश बाहेर पडतो. येथे रंग मुख्यतः या पाहुण्या आयनाचा असतो, आकारमानाचा नव्हे.

कृति सोपी असली तरी निष्कर्ष सोपा नव्हता. मोठ्या स्फटिकात ही नारिंगी दीप्ति विझावयास एक ते दोन सहस्रांश सेकंद लागतात. सूक्ष्म स्फटिकात ती काही अब्जांश सेकंदांतच विझते, असे अमेरिकेतील आर. एन. भार्गव व सहकारी यांनी 1994 साली प्रतिपादिले होते. या प्रतिपादनाने जगभर मोठी अपेक्षा निर्माण केली. परंतु 1998 साली उट्रेख्ट येथील बोल व मेयरिंक यांनी दोन्ही कालावधींतील प्रकाश वेगवेगळा मोजला. शीघ्र विझणारा अंश स्फटिकातील दोषांचा असून मँगॅनीजची दीप्ति पूर्वीइतकीच मंद आहे, असे त्यांना आढळले. दोन भिन्न उगमांचा प्रकाश एकाच उगमाचा मानला गेला होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चमकणारे चूर्ण जिल्ह्याच्या महाविद्यालयातही तयार होऊ शकते; ते का चमकते, हे सांगण्यास मात्र कालमापनाची सूक्ष्म साधने लागतात. साध्या कृतीने संशोधनाचे द्वार अनेकांस उघडले खरे, परंतु मापनाची साधने त्यांच्या आवाक्यात येईपर्यंत ते अर्धेच उघडलेले राहील.