असमानता (तर्कक्षमता चाचणी)

असमानता हा तर्कक्षमता चाचण्यांमधील एक प्रश्नप्रकार आहे. यात काही घटकांमधील लहान-मोठेपणाचे संबंध गणिती चिन्हांनी दिलेले असतात व त्यांवरून काढलेले निष्कर्ष निश्चितपणे सत्य आहेत की नाहीत, हे ठरवायचे असते. घटकांच्या किमती दिलेल्या नसल्यामुळे आकडेमोड करावी लागत नाही. भारतात आयबीपीएस (इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन, मुंबई) आणि भारतीय स्टेट बँक यांच्या भरती परीक्षांमध्ये हा प्रकार आढळतो.

चिन्हे

या प्रश्नांत >, <, ≥, ≤ आणि = ही पाच चिन्हे वापरली जातात. यांपैकी = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये प्रचारात आणले. > आणि < ही चिन्हे इंग्लिश गणितज्ञ टॉमस हॅरियट यांच्या १६३१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतात.

मूलभूत नियम

दोन घटकांमधील सर्व चिन्हे एकाच दिशेची असतील, तरच त्या घटकांमधील संबंध सांगता येतो. = हे चिन्ह कोणत्याही दिशेला बाधा आणत नाही.

* क > ख ≥ ग असल्यास क > ग. साखळीत > हे चिन्ह एकदा जरी आले, तरी समानतेची शक्यता संपते.
* क ≥ ख ≥ ग असल्यास क ≥ ग एवढेच निश्चित असते. तिन्ही घटक समान असू शकतात, म्हणून क > ग हा निष्कर्ष ग्राह्य नाही.
* क > ख < ग असल्यास क व ग यांच्यातील संबंध ठरवता येत नाही. ख = १ मानल्यास क = ५, ग = ३ किंवा क = ३, ग = ५ किंवा दोन्ही ५, असे तिन्ही पर्याय शक्य आहेत.

उदाहरण

विधान: प ≥ फ = ब > भ ≤ म
निष्कर्ष: (१) प > भ (२) म > फ

प पासून भ पर्यंतची चिन्हे एकाच दिशेची असून त्यांत > आहे, म्हणून पहिला निष्कर्ष सत्य आहे. फ पासून म पर्यंत जाताना भ पाशी दिशा बदलते, म्हणून दुसरा निष्कर्ष निश्चित नाही. उत्तर: केवळ पहिला निष्कर्ष सत्य.

‘एकतर–किंवा’ स्थिती

कोणत्याही दोन वास्तव संख्यांमध्ये मोठी, लहान किंवा समान यांपैकी नेमका एकच संबंध असतो. त्यामुळे दोन्ही निष्कर्ष स्वतंत्रपणे अनिश्चित असले, तरी ते मिळून सर्व शक्यता व्यापत असतील, तर त्यांपैकी एक सत्य असतोच. क ≥ ग एवढेच ठाऊक असताना ‘क > ग’ आणि ‘क = ग’ ही अशी जोडी आहे. संबंध पूर्णपणे अज्ञात असताना ‘क > ग’ आणि ‘क ≤ ग’ ही जोडी चालते; ‘क > ग’ आणि ‘क < ग’ ही चालत नाही, कारण समानतेची शक्यता उरते.

सांकेतिक असमानता

या उपप्रकारात चिन्हांऐवजी संकेत दिलेले असतात व त्यांचा अर्थ बहुधा नकारार्थी वाक्यात सांगितलेला असतो. ‘क हा ख पेक्षा लहान नाही’ म्हणजे क ≥ ख; ‘मोठा नाही’ म्हणजे क ≤ ख; ‘लहानही नाही व मोठाही नाही’ म्हणजे क = ख. प्रथम सर्व संकेतांचे चिन्हांत रूपांतर करून मग वरील नियम लावतात.

सामान्य चुका

सोयीच्या किमती घेऊन निष्कर्ष पडताळणे ही नेहमीची चूक आहे. विधानाशी सुसंगत असे एक प्रतिउदाहरण निष्कर्ष खोडण्यास पुरेसे असते; मात्र कितीही अनुकूल उदाहरणे मिळाली, तरी त्यांनी निष्कर्ष सिद्ध होत नाही. आयबीपीएसच्या परीक्षांत चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण वजा होतात. त्यामुळे ‘शक्य’ आणि ‘निश्चित’ यांतील हा भेद गुणांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.