पन्नास दुरुस्त्यांची फीत

अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत मरे हिल नांवाचें एक गांव आहे. त्या गांवच्या माउंटन ॲव्हेन्यू ह्या रस्त्यावर बेल टेलिफोन कंपनीच्या विख्यात प्रयोगशाळा होत्या. ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ सालीं तेथेंच झाला. परंतु ह्या रस्त्याची आणखी एक ख्याति संगणक जाणणाऱ्या मंडळींत आहे, व ती थोडी चमत्कारिक आहे. १९७५ नंतर थोड्याच काळांत ह्या रस्त्यावर कोणाला तरी एक चुंबकीय फीत पडलेली 'सांपडली', असें सांगण्यांत येतें. रस्त्यावर सांपडणाऱ्या वस्तूंत पैशाची थैली असावी, फार तर छत्री असावी; संगणकाच्या कामाची फीत असावी हें नवलच! पण ज्यांना ती सांपडली त्यांना ती कोणाची हें पक्कें ठाऊक होतें, आणि ज्यांची ती होती त्यांनींही ती परत मागितली नाहीं. मागितली ती कंपनीच्या वकिलांनीं. ह्या फितींत होतें काय, हें समजण्यासाठीं सहा वर्षें मागें गेलें पाहिजे.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळांनीं 'मल्टिक्स' नांवाच्या एका अवाढव्य योजनेंतून अंग काढून घेतलें. एकाच संगणकावर पुष्कळ माणसांनीं एकाच वेळीं काम करावें, अशी ती योजना होती. ती हातची गेल्यावर केन थॉम्पसन नांवाच्या तरुण संशोधकानें पीडीपी-७ नांवाच्या, कोपऱ्यांत पडलेल्या एका लहान यंत्रावर आपल्यापुरती एक ऑपरेटिंग सिस्टिम रचली. यंत्राची स्मृति, त्याच्या तबकड्या आणि त्यावर काम करणारे लोक ह्या सर्वांचा कारभार पाहणारा जो मुख्य प्रोग्रॅम, त्याला हें नांव आहे. डेनिस रिची हे त्यांचे सहकारी. ह्या दोघांच्या कृतीला 'युनिक्स' हें नांव पडलें. १९७१ च्या नोव्हेंबरांत तिची पहिली माहिती-पुस्तिका निघाली, आणि १९७३ सालीं ती रिचींच्या सी ह्या भाषेंत नव्यानें लिहिली गेली.

त्या पुस्तिकेंत एक गोष्ट अशी होती कीं जी कोणत्याहि व्यापारी मालाच्या वर्णनांत आढळणार नाहीं. प्रत्येक आज्ञेची माहिती, ती कशी वापरावी, कोणत्या फाइली तिला लागतात, हें सांगून झालें म्हणजे शेवटीं एक मथळा येई, 'बग्ज' म्हणजे किडे. आपल्या प्रोग्रॅमांतील उणिवांची कबुली कर्त्यानें त्या मथळ्याखालीं स्वतःच द्यावयाची. अमुक ठिकाणीं हा प्रोग्रॅम अडखळतो, अमुक लांबीहून मोठें नांव ह्याला पेलत नाहीं, असें तेथें सरळ लिहिलेलें असे. विणकरानें आपल्याच शेल्याच्या पदरावर कोठें धागा सुटला आहे हें लिहून ठेवावें, तसाच हा प्रकार. चूक दडविण्यापेक्षां ती सांगितली तर सुधारणारा कोणी तरी भेटतो, हा त्यांतील व्यवहार होता.

परंतु कंपनीचा व्यवहार निराळा होता. बेल प्रयोगशाळांची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीनें बांधली गेली होती. दळणवळणाच्या बाहेरचा धंदा तिनें करावयाचा नाहीं, असें त्या तडजोडींत ठरलेलें. म्हणून युनिक्स तिला बाजारांत मांडतां येईना. विद्यापीठांना ती नाममात्र मोबदल्यांत देण्यांत येई, आणि तिच्याबरोबर मूळ कोडहि, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचतां येईल असा मजकूर, दिला जाई. मात्र अटी कडक होत्या. पैसे आधीं, मदत कोणतीहि नाहीं, आणि चुका सुधारून देण्याची जबाबदारीहि नाहीं. माल घ्यावा आणि आपलें नशीब आपण पाहावें, असाच त्याचा अर्थ.

ह्या अटींचा परिणाम वकिलांच्या कल्पनेबाहेर झाला. ज्यांना कंपनी मदत करणार नाहीं, त्यांनीं एकमेकांना मदत करावयास सुरुवात केली. १९७४ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत लू कॅट्झ ह्यांनीं युनिक्स वापरणाऱ्यांची पहिली बैठक बोलाविली, तेव्हां जेमतेम दोन डझन माणसें जमलीं. पुढल्या वर्षीं मेल फेरेंट्झ ह्यांनीं एक वार्तापत्र काढलें. मूळ कोड प्रत्येकाच्या हातांत होता. ज्याला चूक दिसे तो ती ओळ शोधून काढी, ती बदली, आणि आपण काय बदललें तें इतरांना कळवी. पुष्कळशा दुरुस्त्या मरे हिलकडेहि जात. अशा रीतीनें कारखान्याच्या बाहेरच्या लोकांनीं कारखान्याच्या मालाची डागडुजी करून ती कारखान्यास पाठवावी, असा उलटाच ओघ सुरू झाला.

१९७५ सालीं युनिक्सची सहावी आवृत्ति निघाली. तिचा गाभा सुमारें नऊ हजार ओळींचा होता. एका माणसाला तो नेटानें बसून आरंभापासून अखेरपर्यंत वाचतां येई. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स ह्यांनीं त्यावर ओळीओळीनें टीका लिहिली, अगदीं आपल्याकडील भाष्यकार सूत्रावर लिहितात त्या पद्धतीची. पुढें कंपनीनें अटी आवळल्या आणि तें पुस्तक वर्गांत शिकविण्यास बंदी आली. मग त्याच्या छायाप्रतींच्या छायाप्रती निघत राहिल्या. उघडपणें तें छापलें गेलें तें १९९६ सालीं.

ह्या गाभ्यांत एके ठिकाणीं, संगणक एक काम थांबवून दुसऱ्याकडे वळतो त्या जागीं, वाचकाला हें समजावें अशी अपेक्षा नाहीं अशा अर्थाचा एक शेरा आहे. पुष्कळांना तो गर्वाचा वाटला. रिचींनीं पुढें खुलासा केला कीं, परीक्षेंत हें विचारणार नाहीं अशा भावानें तो लिहिला होता. पण खरी अडचण वेगळीच होती, आणि तीहि त्यांनीं सांगून टाकली. तेथें काय चाललें आहे हें आम्हांसहि नीट समजलें नव्हतें, असें त्यांनीं कबूल केलें. ती युक्ति पीडीपी-११ ह्या यंत्रावर चाले, कारण त्याचा कंपायलर प्रत्येक ठिकाणीं माहिती एकाच तऱ्हेनें जपून ठेवी. युनिक्स दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेऊं लागतांच तेथील कंपायलरची तऱ्हा निराळी निघाली आणि युक्ति कोसळली. इतकीं वर्षें जें बिनतक्रार चाललें तें मुळांत चुकीचें होतें. चाललें म्हणून बरोबर, हा न्याय ह्या धंद्यांत किती फसवा आहे ह्याचा दाखला म्हणून ही हकीकत आजहि सांगतात.

आतां पुन्हां त्या फितीकडे. सहाव्या आवृत्तींतील चुकांच्या दुरुस्त्या सांठत गेल्या. त्या एकेक पाठवीत बसण्यापेक्षां एकत्र कराव्या म्हणून थॉम्पसन ह्यांनीं त्यांची एक फीत तयार केली. ती पुढें 'पन्नास बदलांची फीत' म्हणून ओळखली गेली. तींतील बऱ्याच दुरुस्त्या बाहेरच्याच लोकांनीं केलेल्या असाव्या, असें लू कॅट्झ ह्यांचें मत आहे. थॉम्पसन ह्यांनीं ती सर्व परवानेदारांना धाडावयाचें मनांत आणलें; पण वकिलांची संमति येईना. आज नाहीं, उद्यां नाहीं, असें चालढकलीचें सत्र सुरू झालें. दुरुस्ती पाठविली म्हणजे दुरुस्त करण्याची जबाबदारी पत्करली असा अर्थ निघेल, आणि कंपनी तर ह्या धंद्यांत नाहींच, असा पेंच त्यांना दिसला असल्यास नवल नाहीं. वकिलांच्या दृष्टीनें तो पेंच खोटाहि नव्हता. पण तिकडे विद्यापीठांतील यंत्रें त्याच त्या चुकांवर अडखळत होतीं, आणि त्यांवरील औषध मरे हिलच्या एका खोलींत तयार होऊन पडलें होतें. शेवटीं कोणी तरी वैतागून माउंटन ॲव्हेन्यूवर ती फीत 'सांपडल्याचें' जाहीर केलें! पाहतां पाहतां तिच्या नकला सर्वत्र पोंचल्या. वकिलांना सुगावा लागतांच त्यांनीं एकूण एक परवानेदाराला टेलिफोन केला; फीत नष्ट करा, आणि ती मिळाली कोठून तें सांगा, असा दम भरला. कॅट्झ ह्यांनीं तर कांहीं सांगितलें नाहींच. इतरांनींहि सांगितलें नसावें, असें ते म्हणतात.

त्या फितीची एक प्रत कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत आली होती. १९७६ च्या उन्हाळ्याअखेर थॉम्पसन आपलें तेथील वर्षभराचें अध्यापन आटोपून परतले, आणि बिल जॉय व चक हेली हे दोन विद्यार्थी युनिक्सच्या गाभ्यांत शिरले. त्यांचें पहिलें काम म्हणजे ह्या पन्नास दुरुस्त्या आपल्या यंत्रावर बसविणें. दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करतां करतां त्यांना त्या कोडांतील वाटा पाठ झाल्या आणि त्यांनीं स्वतःच्या लहानसहान सुधारणा सुचविण्यास आरंभ केला. १९७८ च्या प्रारंभीं जॉय ह्यांनीं आपली फीत बांधली आणि तिच्या सुमारें तीस प्रती वांटल्या. बर्कलीची स्वतंत्र युनिक्स-परंपरा येथून सुरू झाली.

दुरुस्ती करणें एक, आणि ती दुसऱ्याच्या हातीं पोंचविणें दुसरें. कागदी फितीवर भोकें पाडून प्रोग्रॅम लिहीत त्या काळीं चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवीत. 'पॅच' म्हणजे ठिगळ हा शब्द तेथूनच आला. बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय ह्यांनीं 'डिफ' हा प्रोग्रॅम रचला. जुना आणि नवा मजकूर शेजारीं ठेवून फक्त बदललेल्या ओळी तो काढून दाखवी. हजार ओळींत तीन बदलल्या तर तिघींचाच निरोप धाडावयाचा. पण ज्याच्याकडे निरोप जाई त्यानें मध्यंतरीं आपल्या प्रतींत स्वतःचे बदल केलेले असत. ओळींचे क्रमांक सरकलेले असत, आणि ठिगळ भलत्याच जागीं बसे. १९८५ सालीं लॅरी वॉल ह्यांनीं 'पॅच' नांवाचाच प्रोग्रॅम लिहून ही अडचण दूर केली. हा प्रोग्रॅम केवळ क्रमांकावर विसंबत नाहीं. आजूबाजूच्या ओळी ओळखून योग्य जागा शोधतो, आणि न सांपडल्यास नाकारलेला भाग बाजूला काढून ठेवतो. समुद्रापलीकडचीं अनोळखी माणसें एकाच कोडावर काम करूं शकलीं, त्यांत ह्या लहानशा साधनाचा वाटा फार मोठा आहे.

पुढें बर्कलींत कीथ बॉस्टिक ह्यांनीं एक धाडस आरंभिलें. बर्कलीच्या संचांत टेलिफोन कंपनीचा जुना कोड मिसळलेला असल्यानें प्रत्येकाला कंपनीचा महागडा परवाना घ्यावा लागे. बॉस्टिक ह्यांनीं जगभरच्या स्वयंसेवकांना आवाहन केलें कीं, कंपनीचा कोड न पाहतां, केवळ त्याच्या प्रकाशित वर्णनावरून एकेक साधन नव्यानें लिहा. मोबदला एवढाच कीं त्या साधनाशेजारीं तुमचें नांव लागेल. दीड वर्षांत जवळजवळ सर्व महत्त्वाचीं साधनें नवीं लिहून झालीं. गाभाहि फाइलीमागून फाइल तपासला गेला. १९९१ च्या जूनमध्यें संच बाहेर पडला, तेव्हां कंपनीच्या कोडाशीं गुंतलेल्या अवघ्या सहा फाइली त्यांतून गाळाव्या लागल्या होत्या. बिल जॉलिट्झ ह्यांनीं त्या सहांच्या जागा भरून साध्या पर्सनल काँप्युटरवर चालणारी '३८६बीएसडी' ही सिस्टिम १९९२ सालीं खुली केली.

इतिहास कधीं कधीं तीच चाल पुन्हां खेळतो. ३८६बीएसडी वापरणाऱ्यांकडून दुरुस्त्यांचा लोंढा आला. तो आवरणें जॉलिट्झ ह्यांच्या एकट्याच्या आटोक्यांत राहिलें नाहीं. तेव्हां वापरणाऱ्यांनींच त्या दुरुस्त्यांचें गाठोडें बांधलें. गाठोडें इतकें फुगलें कीं ठिगळावर ठिगळ बसेना. मग कांहींनीं १९९३ च्या आरंभीं 'नेटबीएसडी' उभी केली. आणि खुद्द गाठोडें सांभाळणाऱ्यांनीं त्याच वर्षाच्या जूनमध्यें आपल्या सिस्टिमला 'फ्रीबीएसडी' हें नांव दिलें.

इकडे कंपनीच्या वारसांनीं १९९२ सालींच कोडाच्या मालकीवरून दावा लावला होता. १९९४ च्या जानेवारींत तो मिटला. अठरा हजार फाइलींपैकीं तीन काढाव्या लागल्या, कांहींत किरकोळ फेरफार झाले, सुमारें सत्तर फाइलींवर कंपनीच्या हक्काची नोंद चढली. फ्रीबीएसडीच्या मंडळींना मात्र आपली सिस्टिम ह्या निवडलेल्या नव्या कोडावर पुन्हां पहिल्यापासून उभारावी लागली, आणि त्यांत १९९४ चा नोव्हेंबर उजाडला.

बर्कलीच्या गटाजवळ तोंवर पैसा उरला नव्हता. विक्रींतून जें थोडें मिळालें त्यावर अर्ध्या वेळाचें काम चालू ठेवून लोकांकडून येणाऱ्या दुरुस्त्या तेवढ्या जमेस धरण्यांत आल्या. चुकांच्या तक्रारींचा ओघ आटत आटत थेंबांवर आला, तेव्हां सांठलेले बदल १९९५ च्या जूनमध्यें '४.४बीएसडी-लाइट, दुसरें प्रकाशन' ह्या नांवानें बाहेर पडले, आणि ज्या गटाचें काम पन्नास दुरुस्त्या बसविण्यापासून सुरू झालें होतें, त्याचें कार्यालय त्यानंतर बंद झालें.