नळाचे शुद्ध पाणी आणि नदीतील मासे

ग्वाल्हेर शहराची तहान मुख्यत्वे सांक नदीवरील तिघरा धरण भागवते. शिंदे संस्थानच्या काळात, १९१६ साली हे धरण पूर्ण झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्वयंचलित दरवाजांमुळे ते नावाजले आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फुटलेही. पुन्हा उभारलेल्या या धरणाचे पाणी आज मोतीझील येथील जलशुद्धीकरण केंद्रात जाते. तेथे काय किंवा गोव्यात खांडेपार नदीकाठच्या ओपा येथे काय, प्रक्रिया मूलतः एकच : तुरटीने गढूळपणा तळाशी बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचे आणि अखेरीस क्लोरीनने जंतू मारायचे.

आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार क्लोरीन वापरलेल्या पाण्यात, ते ग्राहकापर्यंत पोहोचेल तेव्हा, दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते नसेल तर वाहिनीत शिरलेले कॉलरा-विषमज्वराचे जंतू थेट घरात पोहोचतील. याउलट, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी ठरवलेली क्लोरीनची मर्यादा तासाभराच्या संपर्कासाठी ०.०१९ आणि चार दिवसांच्या सरासरीसाठी ०.०११ मिलिग्रॅम आहे. माणसासाठी जे किमान, ते माशासाठी दहापटीहून अधिक! माणूस पाणी पितो, तेव्हा त्यातील अल्प क्लोरीन लाळेत व जठरातच निष्प्रभ होते. मासा मात्र त्याच पाण्यात श्वास घेतो. क्लोरीन त्याच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळते आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरतो. माशांचे खाद्य असलेले डॅफ्नियासारखे सूक्ष्म कवचधारी जीव तर त्याहूनही हळवे.

उघड्यावर, उन्हात मुक्त क्लोरीन लवकर उडून जाते, हे खरे. पण ग्वाल्हेरच्या स्वर्णरेखा नदीप्रमाणे जिथे शहराचे सांडपाणी मिसळते, तिथे अमोनिया असतो. त्याच्याशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते. ते सहजी उडत नाही. कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते. म्हणूनच सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून क्लोरीनयुक्त पाणी नदीत सोडणे अधिक जोखमीचे.

तुरटीचे दुष्परिणाम संथ असतात. एक मिलिग्रॅम तुरटी पाण्यातील सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खर्ची घालते. मृदू पाण्यात त्यामुळे सामू घसरतो. तो सहाच्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम विरघळू लागते आणि कल्ल्यांवर साचून शरीरातील क्षारांचा तोल बिघडवते. निवळण टाक्यांतील गाळ नदीपात्रात ओतला, तर तळाशी राहणारे किडे, शंख-शिंपले आणि माशांची अंडी त्याखाली गाडली जातात.

यावर उपाय आहेत, तेही फार खर्चिक नाहीत. गाळण्या धुतलेले पाणी निवळवून पुन्हा प्रक्रियेत घेता येते, गाळ वाफ्यांत सुकवता येतो आणि नदीत सोडावयाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नष्ट करता येते. घरच्या काचपेटीत नळाचे पाणी भरण्यापूर्वी मत्स्यपालक जे थेंब टाकतात, त्यांतही बहुधा हेच रसायन असते.